डॉक्टरांचा भात

डॉक्टरांना काहीच येत नव्हतं. ही त्यांची बदनामी नाही. गडचिरोलीच्या वाटेवरच्या मूल-सावली तालुक्यांच्या पट्ट्यात कोणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग हेच सांगेल. त्यांना मोटारसायकल येत नव्हती, पोहता येत नव्हतं, कोंबडा धरता येत नव्हता, चालत्या बैलगाडीवर चढता येत नव्हतं. पोरांना बरं करणं तेवढं येत होतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही आणि कोंबडा सुटलेला साऱ्या गावाला दिसतो.

ते मनाचे डॉक्टर होते. म्हातारी माणसं ते तपासत नसत. त्यांच्याकडे सगळी पंधरा ते पंचवीसची पोरंपोरी. डोक्याचा मोठा आजार बहुतेक वेळा याच वयात पहिल्यांदा दिसतो, तेव्हाच धरला तर पोराचं पुढचं आयुष्य वाचतं, असं ते गावोगाव सभा घेऊन सांगत. आमच्या गावच्या सभेत ते म्हणाले, "आजार म्हणजे बांबू. वास्ता असतानाच आमच्याकडे या. बांबू झाल्यावर वाकवणं कठीण जातं."

वास्ता म्हणजे बांबूचा कोवळा कोंब. मग मागून एक म्हातारा उठला.

"डॉक्टर साहेब, वास्ते तं आमी कापून खातो."

डॉक्टर विचारात पडले. "चांगले लागतात का?"

"लय."

"मग माझं उदाहरण चुकलं," असं म्हणून ते खाली बसले आणि सभा तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यापुढे लोक वास्त्यांची भाजी घेऊन उभे. त्यातल्या दोन घरच्यांनी भाजीसोबत आपला पोरगाही आणला होता. डॉक्टरांनी आधी भाजी खाल्ली.

दवाखाना म्हणजे रस्त्यावरचं एक जुनं किराण्याचं दुकान. आत टेबल होतं, खुर्च्या होत्या, पण डॉक्टर आत बसत नसत. बाहेर भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर पेशंट आणि डॉक्टर शेजारी शेजारी बसत आणि दोघंही रस्त्याकडे पाहत. ते म्हणत, "समोरासमोर कोण बसतं? पोलीस आणि मुलगी पाहायला आलेले सोयरे. दोघांनाही माणूस खरं सांगत नाही."

त्या बाकामुळे एकदा मोठी गंमत झाली. मी तिथेच दाराशी बसले होते. डॉक्टर आणि एक पोरगा बाकावर रस्त्याकडे पाहत बसलेले. पोरगा कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडला होता, माणसांची त्याला भीती वाटे. एवढ्यात एसटी आली. कंडक्टर नवा होता. त्याला वाटलं, प्रवासी आहेत. गाडी थांबवून तो ओरडला, "चला चला, लवकर चढा! कधीचे बसून राह्यले!"

डॉक्टरांना नाही म्हणताही येत नव्हतं. ते उठले आणि चढले. त्यांच्यामागे तो पोरगाही चढला. गाडी निघून गेली.

दवाखान्यातली सिस्टर बाहेर आली तर बाक रिकामा. "सर कुठं गेले?"

मी लोकांशी फार बोलत नाही. मी रस्त्याकडे बोट दाखवलं.

"मूलला?" सिस्टरने कपाळावर हात मारला. "चप्पल तर इथीच आहे त्यांची!"

परतीच्या गाडीने दोघं आले. डॉक्टर अनवाणी. पोराच्या हातात मुरमुऱ्याची पिशवी. सिस्टर म्हणाली, "सर, इतके लोक वाट पाहून राह्यले अन् तुम्ही फिरायले गेले?" डॉक्टर म्हणाले, "कंडक्टर रागावला असता हो. आणि तपासणी झाली की. बसमध्ये सगळेच एकाच बाजूला तोंड करून बसतात. फार चांगली जागा आहे." त्यानंतर त्या कंडक्टरला कोणीतरी खरं काय ते सांगितलं असावं, कारण तो दवाखान्यासमोर आला की गाडी हळू करून विचारायचा, "काय डॉक्टर साहेब, आज कोणी आहे का?"

त्यांचं औषध नंतर असे. आधी ते पोरांचे विद्यार्थी होत. जो पोरगा कोणाशी बोलत नाही, त्याच्या घरी जात आणि म्हणत, "मला हे शिकव." पोरगा बोलो न बोलो, ते शिकायला लागत. एका पोराकडे मोटारसायकल शिकले आणि थेट उकिरड्यात गेले. जंगलातल्या एका गावात एका पोरीकडे पळसाच्या पानांची पत्रावळ शिकले, त्याच पत्रावळीवर वरण घेतलं आणि ते सारं मांडीवर आलं. त्या पोरीच्या बापाने खूश होऊन त्यांना एक कोंबडा दिला. डॉक्टरांनी तो लहान बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला. कोंबडा त्यांच्या डोक्यावर पाय देऊन आंब्यावर जाऊन बसला. ती पोरगी पावसाळ्यापासून मुकी होती. ती म्हणाली, "अगा, पाय धरायचे असतात त्याचे!" घरच्यांना कोंबडा गेल्याचं काही वाटलं नाही.

कोणी म्हणे, डॉक्टर मुद्दाम करतात, हे सोंग आहे. पण आमची झाडीपट्टी नाटकवेडी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की गावागावात नाटक. सोंग कोणतं आणि खरं कोणतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. सगळ्यांचं मत एकच पडलं, की माणूस खरंच ढ आहे.

त्याला पुरावाही होता. आमच्या गावच्या मंडळाने त्यांना नाटकात घेतलं होतं. काम डॉक्टरचंच. शेवटच्या प्रवेशात यायचं, नायिकेची नाडी पाहायची आणि म्हणायचं, "आता सगळं देवाच्या हाती." मग तिने मरायचं आणि नायकाने गाणं म्हणायचं. शाळेच्या वऱ्हांड्यात दुपारची तालीम होती. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते, म्हणून भांडी घासता घासता मला सगळं दिसत होतं. डॉक्टर आले, नाडी धरली आणि गप्प.

"बोला ना, साहेब!" तालीम घेणारे मास्तर म्हणाले.

"नाडी तर चांगली लागते आहे," डॉक्टर म्हणाले.

"तं काय झालं? तिले मरायचं हाय!"

"पण कशाने?"

"दुःखानं!"

"त्यावर औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "सहा-आठ महिने घ्यावं लागेल, पण बरी होईल."

नायिका उठून बसली. नायक रागावला, त्याचं गाणं गेलं. मास्तरांनी पुन्हा समजावलं. पुन्हा डॉक्टर आले, नाडी धरली, घाम पुसला आणि म्हणाले, "आता सगळं देवाच्या हाती... पण मंगळवारी दवाखान्यात घेऊन या." दुसऱ्या दिवशी त्यांचं काम सरपंचाच्या भावाला दिलं.

आता निकीचं लिहिते. हे सगळं मला माहीत आहे ते तिच्यामुळेच.

निकिता माझी मोठी मुलगी. गडचिरोलीला वसतिगृहात राहून कॉलेज शिकत होती. पोळ्याला घरी आली ती परत गेलीच नाही. म्हणाली, मेसमधली बाई जेवणात काही टाकते. मग म्हणाली, मोबाईलमधून तिला कोणी पाहतं. तो तिने गंजाखाली, म्हणजे मोठ्या पातेल्याखाली, झाकून ठेवला. मग घरचंही जेवेना. तिचे बाबा घुग्घुसला कामाला, सुट्टीला आले की तेवढे दिवस तिच्याजवळ बसत, पण ती त्यांच्याकडेही पाठ करून बसे.

तिने एक नियम केला होता. साल असलेलं तेवढंच खायचं. केळी, सीताफळ, भुईमुगाच्या शेंगा, उकडलेलं अंडं. साल तिने स्वतः काढायची. सालीला भोक दिसलं तर तेही कोंबड्यांना. गावातल्या शाळेची सगळी पोरं माझ्या हातची खिचडी खात होती, परत परत मागत होती, आणि माझी पोरगी घरात शेंगा फोडून जगत होती. मी तिच्यापुढे ताट ठेवलं की ती ताटाकडे नाही, माझ्या हातांकडे पाहायची.

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईने डॉक्टरांना सांगितलं. ते आले. निकी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. ते दाराबाहेर बसून राहिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हा आजार आहे आणि लवकर कळला आहे, ते चांगलं आहे. गोळीने उतरतो. पण ती जेवत नाही, मग गोळी कुठली घेणार? आणखी सुकली तर नागपूरला भरती करावं लागेल. तिथेही बरीच होईल. पण तिच्या मनाविरुद्ध नेलं तर आपल्यावरचा उरलेला विश्वासही जाईल. मला थोडे दिवस द्या."

आतून निकीने ऐकलं होतं. ते गेल्यावर दाराआडून म्हणाली, "मले तिथं टाकशील तं मी तुले आई म्हणणार नाई." तिच्या गालाची हाडं वर आली होती. थोडे दिवस म्हणजे किती, हे मला विचारता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर आले ते बिनगिअरच्या स्कूटीवर एक गंज, तांदळाची पिशवी आणि काडीपेटी बांधून. "बाई, मला भात शिकायचा आहे. चूल देता का?"

मी पाहतच राहिले. धानाच्या मुलखात येऊन माणसाला भात येत नाही! आणि हे समुद्राकडचे, तिकडेही भातच खातात म्हणे. तरी मी त्यांना बाहेरची चूल दाखवली. ती आतल्या दाराच्या बरोबर समोर आहे.

त्यांनी बोरिंगवरून पाणी आणलं, निम्मं पायावर सांडलं. चुलीत ओलं जळतन घातलं. धुरात ते दिसेनासे झाले, नुसता खोकला ऐकू येत होता. शेजारची काशीबाई कुडावरून डोकावली. "कोणाच्या घराले आग लागली व?"

"भात करतो आहे, आजी," धुरातून उत्तर आलं.

"बाप्पा! मले वाटलं डास मारून राह्यले."

धूर कमी झाला. त्यांनी गंजात तांदूळ घातले, पाणी ओतलं, बोट बुडवून पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आणखी गडवाभर पाणी ओतलं. भाताची पेज झाली. ती त्यांनी स्वतःच सगळी पिऊन टाकली, अन्न टाकायचं नाही म्हणून. आणि निघून गेले. निकी दाराच्या फटीतून पाहत होती.

पुढच्या खेपेला करपला. वास वेशीपर्यंत गेला. काशीबाई म्हणाली, "डॉक्टर साहेब, तुमची बायको माहेरी गेली का, कायमची?" तोही त्यांनी खाल्ला, काळं तोंड करून. आमच्या कोंबड्यांपुढे एक घास टाकला तर त्यांनी तो पायाने उडवला.

मी मध्ये बोलले नाही. एक तर मला बोलता येत नाही. दुसरं, मी चुलीजवळ जाऊ लागले की ते हळूच मान हलवत. माझा हात त्या गंजाला लागू द्यायचा नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तांदूळ कुठून आला, पाणी कुठून आलं, गंजात काय पडलं, सगळं निकीच्या डोळ्यांसमोर होतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी तांदूळ पिशवीतून थेट गंजात ओतले. खडे, कोंडा, सगळ्यासकट.

"धुवून तं घ्या!"

आवाज आतून आला. डॉक्टरांनी वळूनही पाहिलं नाही. "काय धुवायचं?" त्यांनी गंजालाच विचारलं.

"तांदूळ! तांदूळ धुवायचे असतात!"

"साबणाने?"

दार उघडलं. निकी बाहेर आली. किती दिवसांनी तिच्या अंगावर ऊन पडलं होतं. "सरका तिकडं," ती म्हणाली. मी गोठ्यात गेले आणि गाईपुढे वैरण टाकली. गाईपुढे वैरण होतीच. ती माझ्याकडे पाहत राहिली.

गोठ्यातून मला सगळं ऐकू येत होतं. "जाळ कमी करा. कमी म्हटलं! झाकण काऊन काढता घडी घडी? पळून जाणार हाय का तो?" डॉक्टर "बरं, बरं" म्हणत होते. भात झाला. तो वास मला ओळखीचा होता. माझ्याच हातचा वास, तिच्या हातात गेलेला.

मी बाहेर आले तर ती गंजाकडे पाहत उभी. तिनेच केलेला, तरी हात पुढे होईना.

"आधी तुम्ही खा," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टर खायला लागले. मिठासोबत, नुसता भात. पहिल्यांदाच खाण्यासारखा मिळाला होता त्यांना. एक वाढ घेतली, दुसरी घेतली. तिसरी घेतली. गंज वाकडा करून सराट्याने तळ खरवडायला लागले.

निकीच्या कपाळाला आठी पडली. "अन् माझ्यासाठी?"

"हं?"

"माझ्यासाठी ठेवा ना! पूर्ण खाऊन राह्यले!"

डॉक्टरांनी गंज तिच्याकडे सरकवला. तळाला होता तेवढा भात तिने उभ्या उभ्या खाल्ला. खरवड सुद्धा.

मग डॉक्टरांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. म्हणाले, "ही गोळी. हिने झोप जास्त येईल, भूक लागेल, तोंड सुकेल. जे वाटतं आहे ते हळूहळू कमी होईल. एका दिवसात होणार नाही. घ्यायची की नाही, तू ठरव." आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले.

निकीने पाकीट उचललं. उलटंसुलटं केलं. एक एक घर बोटाने दाबून पाहिलं, कुठे भोक आहे का म्हणून. मग म्हणाली, "हिले साल हाय."

"आहे," डॉक्टर म्हणाले.

तिने स्वतः साल फोडून गोळी घेतली.

पुढे लगेच सगळं चांगलं झालं असं नाही. ती खूप झोपायची. मध्येच एकदा गोळ्या फेकून दिल्या आणि पुन्हा शेंगांवर आली. पण डॉक्टर दर आठवड्याला भात शिकायला येतच राहिले. एका आठवड्यात शिकलेलं दुसऱ्या आठवड्यात विसरत. निकी त्यांच्यावर ओरडायची, मास्तरीणबाईसारखी कमरेवर हात ठेवून. हळूहळू ती माझ्या हातचं खायला लागली. पहिल्यांदा खाल्लं त्या दिवशी म्हणाली, "मीठ कमी हाय." मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशीही मीठ कमीच टाकलं.

पुढच्या वर्षी ती गडचिरोलीला परत गेली. गोळ्या सुरूच होत्या, त्या आणायला मी एकटी दवाखान्यात गेले. दुपारची वेळ, बाहेर बाकावर कोणी नव्हतं, म्हणून मागच्या खोलीच्या दाराशी गेले. डॉक्टर स्टोव्हवरून गंज उतरवत होते. झाकण काढलं. मी आयुष्यभर भात शिजवला आहे. शाळेतला, लग्नातला, तेरवीचा. तसा भात मी क्वचित पाहिला. शिताला शीत लागलेलं नाही आणि तरी मऊ.

त्यांनी मला पाहिलं. झाकण परत ठेवलं, जसं काही मांजर आलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "निकिताला सांगू नका."

मी मान हलवली. सांगायला मी कोणाशी बोलते कुठे?

नंतर त्यांची दुसरीकडे बदली झाली. निरोपाच्या दिवशी दवाखान्यापुढे खूप पोरं जमली. कंडक्टरने एसटी थांबवून ठेवली, प्रवाशांनी आरडाओरडा केला. ज्या पोराने मोटारसायकल शिकवली होती तो म्हणाला, "साहेब, तिकडं गाडीला हात लावू नका." पत्रावळवालीने एक कोंबडा आणला होता, पाय बांधून. निकीने बजावलं, "पाणी जास्त टाकू नका." डॉक्टर सगळ्यांना हो हो म्हणत होते. या वेळी चप्पल पायात आहे की नाही, हे सिस्टरने दोनदा पाहिलं.

आता त्यांचा कधीमधी फोन येतो, निकी सुट्टीत घरी असली की. मंडईला आली होती तेव्हाही आला. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

"डॉक्टर साहेब, भात कसा होऊन राह्यला?... खाली लागला? मी सांगतलं होतं ना, जाळ कमी... हो. हो. गोळी घेऊन राह्यली. तुम्ही भाताकडं पहा."

फोन ठेवून ती परत पाखडायला लागली. का कोण जाणे, मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. म्हटलं, "निकी, त्यांना भात येतो, बरं का. मी डोळ्यांनी पाहिला आहे. आधीपासून येत होता."

तिने मान वर केली नाही. "मले माहीत हाय."

"तुले? कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. गंजात बोट बुडवलं त्यानं. बरोबर बोटाच्या पेरावर पाणी होतं. ज्याले भात येत नाई तो पेरावर पाणी मोजते का? अन् मंग चोरासारखं इकडंतिकडं पाहून गडवाभर आणखी ओतलं."

मी थक्क झाले. मीही तेच पाहिलं होतं, तिथेच उभी राहून. "मग तू त्याच वक्ती काऊन नाई बोलली? तो खोटं वागत होता, अन् तू त्यावेळी माझ्यावरही भरवसा करत नव्हती."

निकी हसायला लागली. सूप हलून तांदूळ सांडले, कोंबड्या धावल्या.

"आई, त्या वक्ती मले वाटे, सारे लोक माझ्यापासून काहीतरी लपवून राह्यले. दिवसरात पाहत होती, पण कोणाचंच सापडे नाई. या एकाच माणसाचं सापडलं. अन् लपवलं काय, तं भात! तेही इतकं खराब लपवलं की मलेच त्याची दया आली. मी म्हटलं, एवढा कच्चा चोर मले जहर काय देईल?"

असं म्हणून तिने सूप माझ्याकडे सरकवलं, ओढणीच्या गाठीतून पाकीट काढलं आणि गोळीची साल फोडली.